शून्याची पावती

गावात काटे दोन.
एक केळीच्या वखारीपुढचा, जमिनीत गाडलेला,
त्यावर ट्रक चढतात, थरथरतात,
आणि दिल्लीच्या रस्त्याला लागतात.
दुसरा अंगणवाडीच्या तुळईला टांगलेला.
त्याच्या झोळीत मंगळवारी
रुबीना तडवीचा धाकटा बसवला,
दोन वर्षांचा, मुठीत लाल मसाल्याची पुडी,
काटा नऊ किलो दोनशेवर थबकला,
आणि मंदाताई झांबऱ्यांनी
पेनाचं टोपण दातात धरून
पिवळ्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं.

मी ग्रामपंचायतीचा लिपिक.
सभेत बोलणं माझ्याकडे नाही,
बोललेलं उतरवणं आहे.
मंदाताई दोन आकडे घेऊन उभ्या राहिल्या,
ट्रकचा आणि पोराचा,
शेजारी शेजारी वाचले,
खाली बसल्या.
पंखा तेवढा बोलत राहिला.

मग ठराव क्रमांक चौदा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
गावातून भरून जाणाऱ्या दर ट्रकमागे
दोन फण्या अंगणवाडीला.
शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांत
पुड्यांच्या माळा टांगायच्या नाहीत.
सोमवारच्या बाजारात जो टोपलीभर भाजी घेऊन बसेल
त्याच्याकडून जागेचा कर घ्यायचा नाही.

लिहायला सोपं होतं.
शाई ओली असते तोवर
प्रत्येक कायदा चांगलाच असतो.

शंभर पावलं, पण कोणाची?
फेगड्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.
'पहिलीतल्या पोराची मोजा!'
आमचा शिपाई गिलदार पावरा सहा फुटी,
तो ढांगा टाकत निघाला
तेव्हा दुकान तर सोडाच,
पाण्याची टाकीसुद्धा हद्दीत आली.
शेवटी मीटरमध्ये लिहिलं : पन्नास.
फेगडे बावन्नाव्यावर गेले.
तिथं भर उन्हात त्यांचा नातू
माळा राखत बसतो.

आणि केळी.
पहिल्या ट्रकमागे आल्या खऱ्या दोन फण्या,
काळ्या, पाझरणाऱ्या,
चिलटांसकट.
'कागदावर फण्या लिवल्या ना?' व्यापारी म्हणाला,
'मंग ह्या काय हायेत?'
बरोबर होतं त्याचं.
माझ्याच वाक्यात भोक राहिलं होतं
एका विशेषणाएवढं.
पुढच्या सभेत मी ते बुजवलं : खाण्याजोग्या.
बावीस वर्षांच्या नोकरीत
गावाला माझा स्वतःचा असा
एवढा एकच शब्द दिला असेन.

दोन महिन्यांनी धाकटा पुन्हा झोळीत.
नऊ किलो सहाशे.
'ताईत नवा आहे,' मंदाताई म्हणाल्या, 'तो वजा करा.'
केला.
गेल्या खेपेला हगवण होती, तेही धरलं.
तरी काटा किंचित
आमच्या बाजूनं कललेला राहिला.
केळ्यानं, की दिवसांनी,
रजिस्टरात तसा रकाना नाही.

सोमवारी जुम्माबाई
सातपुड्याच्या पायवाटेनं खाली उतरते.
जिथं जमिनीचा इंच न् इंच केळीनं घेतला
त्या आमच्या गावाला
तरोटा, आंबाडी, शेवग्याचा पाला
डोंगराकडूनच यायचा.
पाट्यापाशी टोपली टेकवली
की आधी दहा रुपयांची पावती,
मग जुडी सुटायची.
आता मी नुसताच पुढं निघालो
तर तिनं हात धरला.
'पावती?'
'कर माफ झालाय मावशी.'
'झाला आसीन. मले कागद दे.
उद्या कोनी उठवलं तं काय दाखवू?'

मी पुस्तक उघडलं.
नाव. तारीख. रक्कम : शून्य.
'अक्षरी रुपये'पाशी पेन जरा अडलं,
मग तिथंही लिहिलं : शून्य फक्त.
शिक्का मारला, दाबून.
तिनं चार घड्या घातल्या,
कमरेच्या बटव्यात खोल सारली,
आणि ओल्या हातानं
तरोट्याची एक जुडी माझ्यापुढं केली.
मी पिशवीत टाकणार, तेवढ्यात
म्हणाली, 'हिचे पाच झाले.
माफी टोपलीले हाये,
तुले नाही.'